पंपाचं पिस्तूल की सिलिंडरचं? सीलच्या बाजूनं मांडलेला हिशेब

१० मीटरच्या नेमबाजीसाठी हवेचं पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस ट्रिगर, ग्रिप आणि तोल यांबद्दल भरपूर विचारतो. सील कुठे मिळतील, हे मात्र फार थोडे विचारतात. पिस्तूल बरीच वर्षं वापरायचं असेल, आणि तेही इंदुरात राहून, तर माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. नळीची काळजी करू नये. शिशाचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आतबाहेर जातो, त्यानं पोलादाचं फारसं काही बिघडत नाही. झिजतं ते रबर: ओ-रिंगा, ब्रीचचं सील, पिस्टनचा वॉशर, व्हॉल्व्हची बैठक. हे सगळे भाग मिळून मुठीत मावतात, पण पिस्तूल मॅचला चालणार की घरी राहणार, हे तेच ठरवतात.

माझ्याकडे दोन्ही जातींची पिस्तुलं आहेत आणि दोन्ही मी स्वतः खोलतो. म्हणून खाली लिहिलंय ते दुकानातल्या पत्रकावरून नव्हे, टेबलावरच्या अनुभवावरून. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असेल तर तोही खरा मानायला माझी तयारी आहे.

पंपाचं म्हणजे सिंगल स्ट्रोक: बायकल ४६एम, फाइनवेर्कबाउ १०३, गॅमो कॉम्पॅक्ट या पठडीतली. दर शॉटला लिव्हर उघडायची आणि मिटायची, तेवढ्यात त्या एका शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडरचं म्हणजे प्रीचार्ज: स्टायर एलपी१०, मोरिनी १६२, वाल्थर एलपी४००, पार्दिनी के१२ वगैरे. नळीखाली २०० बारचा छोटा सिलिंडर, आत दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर, आणि एका भरणीत दीडशेच्या आसपास शॉट. आज आंतरराष्ट्रीय फायरिंग लाइनवर दुसरी जातच दिसते, आणि त्याला कारण आहे. लिव्हर ओढण्याचे कष्ट नाहीत, पकड मोडत नाही, ६० शॉट एका लयीत जातात. नेमबाजीच्या दृष्टीनं सिलिंडरचं पिस्तूल सरस आहे, यात मला वाद घालायचा नाही. माझा मुद्दा देखभालीचा आहे.

पंपाच्या पिस्तुलात झिजणारे भाग थोडे आणि ओळखीचे. पहिला पिस्टनवरचा वॉशर किंवा ओ-रिंग, जी हवा दाबते. दुसरा व्हॉल्व्हचं सील, जे दाबलेली हवा शॉट सुटेपर्यंत धरून ठेवतं. तिसरा ब्रीचचं सील, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी बसलेली बारीक रिंग. याशिवाय लिव्हरच्या पिना आणि बिजागऱ्या आहेत, त्या वर्षानुवर्षांनी थोड्या ढिल्या होतात, पण थेंबभर तेल मिळत राहिलं तर तक्रार करत नाहीत.

या तिघांपैकी कोण थकलंय हे पिस्तूल स्वतःच सांगतं. लिव्हर मिटताना नेहमीपेक्षा हलकी गेली, तर पिस्टनचं सील. लिव्हर मिटून थोडं थांबल्यावर शॉट खाली जाऊ लागला आणि लगेच सोडलेला बरोबर बसला, तर व्हॉल्व्ह. ब्रीचसाठी माझी आवडती तपासणी टिश्यू पेपरची आहे. पातळ कागदाची पट्टी ब्रीचच्या सांध्यावर आडवी ठेवायची, पिस्तूल सुरक्षित दिशेनं, टार्गेटकडे धरायचं आणि शॉट घ्यायचा. सील चांगलं असेल तर पट्टी जागची हलत नाही. थकलं असेल तर एका कडेनं फडफडते, आणि ज्या कडेनं फडफडते तिकडेच रिंगेवर छर्रा बसवताना पडलेली खूण सापडते. भिंगाखाली ती नखानं दाबल्यासारखी दिसते. रिंग बदलायची, पट्टी पुन्हा ठेवायची, पुन्हा शॉट. काम झालं की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.

हे ‘तिथल्या तिथे’ फार महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येतोच.

सील काढताना लोखंडी टोच्या वापरू नये. खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळते, आणि खाच काही बदलता येत नाही. लाकडी टूथपिक पुरते. मी सगळं काम स्टीलच्या काठाच्या ताटात करतो, कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग एकदा फरशीवर गेली की कपाटाखालून काढावी लागते. खाच सुती कापडानं पुसायची, सिलिकॉन ग्रीस बोटानं लावायचं, तेही इतकं कमी की रिंगेवर फक्त चमक दिसावी. जास्त लावलं तर धूळ धरतं. जुनी रिंग फेकण्याआधी आडवी कापून पाहावी. गोल असायला हवी ती एका बाजूनं चपटी झालेली दिसते. तेवढा चपटेपणाच गळतीला पुरेसा असतो.

पंपाच्या पिस्तुलाची एक अट मात्र कसोशीनं पाळावी लागते. हवा दाबून ते ठेवून द्यायचं नाही. ताणाखाली तासन्‌तास बसलेलं सील आकार सोडतं. सरावासाठी नुसता ट्रिगर मारायचा असेल तर बहुतेक मॉडेलांत हवा न भरता ट्रिगर चढवायची सोय असते, ती वापरावी. आणि बरेच दिवस पडून राहिलेल्या पिस्तुलाचे पहिले काही शॉट कमजोर जातात. वॉशर पुन्हा ओला आणि मऊ झाला की चाल पूर्ववत होते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, इंदुरात गारठा असतो तेव्हा, हे जास्त जाणवतं.

तोटेही स्पष्ट सांगतो. पंपाच्या पिस्तुलाला भाग सापडणं दिवसेंदिवस अवघड होतंय, कारण यातली बरीच मॉडेलं आता बनत नाहीत. साधी ओ-रिंग कुठेही मिळेल, पण पिस्टनचा वॉशर काही मॉडेलांत खास घडीचा असतो. बाहेरून मागवलेलं पाकीट कस्टममध्ये किती बसेल याचा नेम नाही. इथे इंदूरचा एक फायदा होतो. पोलोग्राउंडच्या लेथवाल्यांपैकी एखादा धीराचा माणूस मिळाला आणि त्याच्या हातात जुना वॉशर नमुना म्हणून दिला, तर पॉलियुरेथेनच्या दांड्यातून तसाच नवा कातून मिळतो. पहिला नग घट्ट निघाला तर बारीक सँडपेपर मारून बसवावा लागतो. मूळ भागाइतका टिकतो का? माझा तरी टिकला आहे. सर्वांचा टिकेल, असं ठामपणे सांगणार नाही.

दुसरा तोटा कष्टांचा. ७५ मिनिटांत ६० शॉट, त्याआधी साइटिंगचे, म्हणजे नेम जुळवण्याचे वेगळे, आणि दर वेळी लिव्हर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला हे जड जातं. मोठ्यांनाही दहा-दहा शॉटच्या शेवटच्या दोन सिरीजमध्ये कळतं. शिवाय लिव्हर ओढताना हाताची पकड सुटते आणि ती प्रत्येक वेळी नव्यानं बसवावी लागते. पकड नव्यानं बसवणं हे उत्तम शिक्षण आहे असं म्हणणारे कोच भेटतात, पण ते शिक्षण स्वतःच्या मॅचच्या दिवशी कुणालाच नको असतं.

आता सिलिंडरचं. इथे झिजणाऱ्या भागांची वस्ती दाट आहे. सिलिंडर जिथे पिस्तुलाला जोडला जातो तिथलं तोंडाचं सील. सिलिंडरच्या व्हॉल्व्हची बैठक. दाब दाखवणाऱ्या गेजच्या बुडाची ओ-रिंग. रेग्युलेटरच्या पिस्टनवरच्या रिंगा आणि त्याची बैठक. मुख्य व्हॉल्व्हचं सील. ब्रीचचं सील, तेच जे पंपाच्या पिस्तुलातही असतं. धक्का शोषणारा ॲबसॉर्बर असेल तर त्याचे छोटे रबरी भाग. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्यात बॅटरी आणि संपर्काच्या पट्ट्या. यातला एकेक भाग उत्तम बनवलेला असतो आणि बराच काळ निमूटपणे चालतो. पण साखळीत जितके सांधे, तितक्या जागी हवा वाट शोधते, आणि २०० बारची हवा वाट शोधण्यात फार तरबेज असते.

रेग्युलेटरची बैठक थकल्याची खूण बहुतेकांना माहीत असेल. पिस्तूल काही मिनिटं पडून राहिलं की रेग्युलेटरच्या पुढचा दाब हळूहळू वर चढतो, पहिला शॉट जोरात जातो आणि मग सगळं जागेवर येतं. साइटिंगच्या पहिल्या शॉटमध्ये ते भागून जातं, म्हणून लोक वर्षभर चालवून घेतात. माझा खरा त्रास तो नव्हता.

माझा त्रास होता संथ गळतीचा. मी सिलिंडरच्या पिस्तुलावर इतका जीव लावूनही पंपाकडे परत का वळलो, याचं कारण एवढंच, आणि ते सविस्तर सांगायला हवं. पिस्तुलाचं नाव घेत नाही, कारण हे कुणा एका कंपनीचं दुखणं नाही. सिलिंडर लावून ठेवलेलं पिस्तूल सकाळी पेटीतून काढलं की काटा खाली आलेला असायचा. रिकामा नाही, फक्त खाली. सराव होऊन जाईल इतकी हवा उरायची. पण मॅचसाठी इंदुरहून भोपाळला जायचं तर जवळपास २०० किलोमीटर. निघताना भरलेला सिलिंडर तिथे दुसऱ्या दिवशी कुठे असेल, याचा भरवसा राहत नव्हता.

गळती आहे हे कळलं. कुठे आहे, हे शोधण्याची रीत पुस्तकी आणि बरोबर आहे. सिलिंडर पिस्तुलापासून वेगळा करायचा आणि दोघांना वेगवेगळं पारखायचं. सुट्या सिलिंडरचा काटा टिकला तर दोष पिस्तुलात, पडला तर सिलिंडरात. ऐकायला अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. प्रत्यक्षात गेजवरचा काटा इतका बारीक आणि त्याखालच्या रेघा इतक्या जाड असतात की पाच-सात बारचा फरक डोळ्याला दिसतच नाही. म्हणजे निदान रात्र जाऊ द्यायची. आणि रात्र गेली तरी उत्तर मिळत नाही, कारण हवा थंड झाली की दाब आपोआप उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांना २०० बार दाखवणारा सिलिंडर पहाटे २६ अंशांना, एक कणही न गळता, १९१ बारच्या आसपास दाखवतो. मग पडलेला काटा गळतीचा की थंडाव्याचा? ते ठरवायला पुन्हा त्याच वेळेची, तेवढ्याच उकाड्याची दुपार यावी लागते. एका प्रश्नाला एक अख्खा दिवस लागतो.

तोंडाचं सील बदललं. गळती कमी झाली, थांबली नाही. म्हणजे दोन जागा होत्या. सुट्या सिलिंडरचं तोंड पाण्याच्या भांड्यात धरलं, फारच उशिरानं एखादा बुडबुडा. साबणाचं पाणी गेजच्या बुडाशी लावलं तेव्हा तिथे मोहरीएवढा फेस हळूहळू उभा राहिला. आता गेजची रिंग बदलायची, तर आधी सिलिंडर पूर्ण रिकामा करणं भाग. दाबाखालचा गेज किंवा व्हॉल्व्ह कधीही सोडवू नये, त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो. तेव्हा भरलेली सगळी हवा सोडा, रिंग बदला, पुन्हा २०० पर्यंत भरा, थंड होऊ द्या, उतरलेला दाब भरून काढा, आणि परत एक दिवस थांबा. प्रत्येक दुरुस्तीच्या मागे एक पूर्ण भरणी आणि एक पूर्ण वाट पाहणं. अखेर सिलिंडर टिकला. तोवर सरावाचा किती वेळ पिस्तुलाऐवजी काट्याकडे पाहण्यात गेला, याची मला खंत वाटते.

पंपाच्या पिस्तुलात दुरुस्ती बरोबर झाली की नाही, याचा निकाल पुढच्या शॉटला लागतो. सिलिंडरच्या पिस्तुलात तो उद्या लागतो. माझ्यासाठी तराजूचं पारडं इथे झुकलं.

भरणीचा प्रश्न याला जोडूनच येतो. समुद्रकाठच्या गावात डायव्हिंगची दुकानं असतात, तिथे श्वासाची हवा भरून मिळते. आपल्याकडे तसं नाही. क्लबच्या रेंजवर कंप्रेसर असेल तर उत्तम, पण त्याला त्याच्या वेळा असतात. पीथमपूरच्या कारखान्यांना अग्निशमनाचे श्वसन-सिलिंडर भरून देणारी मंडळी असतात, त्यांच्याशी ओळख असेल तर मोठा डायव्हिंग सिलिंडर भरून घेता येतो आणि त्यातून पिस्तुलाचा छोटा. नाहीतर तीन टप्प्यांचा हँडपंप. हँडपंपाला स्वतःच्या ओ-रिंगा असतात आणि त्याही झिजतात, म्हणजे देखभालीला एक वस्तू वाढली. आषाढ-श्रावणात इंदुरातली हवा ओलसर असते. ती दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरात उतरतं. पंपाच्या आधी हवा कोरडी करणारा फिल्टर लावला नाही तर व्हॉल्व्हजवळ ओल आणि पुढे गंज. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरू का, असं अजूनही कुणी विचारतं. कदापि नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तरी स्फोट होऊ शकतो. याच कारणानं उच्च दाबाच्या कुठल्याही सांध्याला मशीनचं तेल लावू नये, फक्त सिलिकॉन.

आणि एक गोष्ट जी सीलसारखी झिजत नाही, पण संपते: सिलिंडरची मुदत. त्यावर तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत टळली की तो मॅचला चालत नाही, मग तो कितीही चांगला दिसो. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून आनंदात घरी आणणाऱ्यांना हा खर्च नंतर कळतो, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. पंपाच्या पिस्तुलाला असली तारीख नाही.

ओ-रिंगा इंदुरात मिळतात का? मिळतात, आणि हा प्रश्न दोन्ही जातींना सारखाच लागू आहे. सियागंजाच्या बाजूला बेअरिंग, ऑइल सील आणि हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्यांकडे डबेच्या डबे असतात. फक्त तोंडानं ‘छोटी रिंग द्या’ म्हणून चालत नाही. बारीक माप घेणारा व्हर्नियर सोबत न्यावा. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मोजावीत. जाडीचे दोन संसार आहेत. इंची मापात १.७८ आणि २.६२ मिलिमीटर, मेट्रिकमध्ये १.५, २ आणि २.५. दुकानदार २.६२ च्या जागी २.५ ची देऊन ‘सेम है’ म्हणतो. २.५ ची रिंग कमी दाबाला धरते आणि जास्त दाबाला रात्रभर हळूहळू सोडते, म्हणजे आपल्याला पुन्हा त्याच गळतीपाशी आणून सोडते. कडकपणाही विचारावा. तो शोअर या मापात सांगतात. पंपाच्या बहुतेक जागांना ७० शोअरची नायट्राइल रबराची रिंग पुरते. २०० बारच्या सांध्यांना ९० शोअरची बरी, कारण मऊ रिंग दाबानं फटीत घुसून कातरली जाते. कंपनीनं सांगितलेलं माप आणि जात हाती असेल तर अर्थात तेच घ्यावं.

रामबागेतल्या एका ओळखीच्या घरची मुलगी नुकतीच विचारायला आली होती, वडिलांना घेऊन. शाळेच्या टीममधून तिची निवड झाली आहे.

“काका, रेंजवर सगळ्याच मुलींकडे सिलिंडरचं आहे. पंपाचं घेतलं तर मी मागे नाही ना पडणार?”

मी विचारलं, “आठवड्यात किती दिवस सराव करतेस, आणि हवा कुठे भरणार?”

“रोज. आणि रेंजवर कोच सर भरून देतात.”

“मग तू सिलिंडरचंच घे बाळा.” तिच्या वडिलांना म्हटलं, “भाऊ, पण पिस्तुलासोबत पूर्ण सील किट आणि एक जादा सिलिंडर आत्ताच मागवा. नंतर मागवू म्हणाल तर मॅचच्या आठवड्यात अडाल.”

हे उत्तर मी मनापासून दिलं. ज्याला राज्य पातळीच्या पुढे जायचं आहे, ज्याच्या मागे कोच आहे, जिथे कंप्रेसर आहे आणि एक माणूस ते खोलू शकतो, त्यानं सिलिंडरकडेच जावं. तिथे पंपाचा हट्ट धरणं मुलांवर अन्याय आहे. वरच्या पातळीवरही छोटा भाग किती महाग पडतो, हे सगळ्यांनी पाहिलंच आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली, आणि ५७५ गुणांवर ती १२ वी राहिली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं आणली, तो तिचा पराक्रम. पण टोकियोत तिच्या मागे दुरुस्तीला माणसं उभी होती. क्लबच्या मॅचला आपल्या मागे आपणच असतो.

काही जण म्हणतात की जवळ महूची लष्करी छावणी आहे, तिथे काय कमी? खरं आहे, आर्मी मार्क्समनशिप युनिट महूलाच आहे, विजय कुमार आणि जितू राय हे नेमबाज तिथूनच पुढे आले, आणि भोपाळच्या राज्य अकादमीत २०२३ ला वर्ल्ड कपही झाला. पण त्या व्यवस्था त्यांच्या नेमबाजांसाठी आहेत, आणि तशाच असाव्यात. सुदामा नगरात राहणाऱ्या, संध्याकाळी ऑफिसातून येऊन तासभर शॉट मारणाऱ्या माणसाला आपल्या टेबलाच्या भरवशावरच चालावं लागतं.

अशा माणसासाठी, म्हणजे माझ्यासारख्यासाठी, मला पंपाचं पिस्तूल जास्त बरं वाटतं. शॉट थोडे कमी होतात, खांदा थोडा दुखतो. पण पेटी उघडली की ते तयार असतं. पावसाळ्यात असतं, सहा महिने हात न लावताही असतं, आणि बिघडलंच तर टिश्यू पेपरच्या पट्टीनं बोलतं. सिलिंडरचं पिस्तूल मी विकलेलं नाही. सराव नियमित असतो तेव्हा तेच काढतो आणि त्याचा आनंद वेगळाच आहे. दोन्हींतलं एकच ठेवायचं असं कुणी म्हटलं, तर कोणतं ठेवीन याचं उत्तर मला शोधावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष घेताना. जुनं पंपाचं घेत असाल तर लिव्हर अर्ध्यावर आणून डावी-उजवीकडे हलवून पाहा. पिनांत खुळखुळ असेल तर किंमत कमी करून मागा, सील मात्र थकलेलं असलं तरी घाबरू नका. हवा दाबून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग शॉट घ्या, लगेच घेतलेल्या शॉटशी त्याची तुलना करा. छर्ऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मिळाला तर उत्तम, नाहीतर कागदावरची उंची पुरेशी बोलते. पिस्टनचा वॉशर खास घडीचा असेल तर तो काढून, मापं घेऊन, चित्र काढून ठेवा, म्हणजे पुढे लेथवाल्याकडे जाताना हातात काहीतरी असेल.

जुनं सिलिंडरचं घेत असाल तर सगळ्यात आधी तारीख वाचा. विकणाऱ्याला सिलिंडर आदल्या दिवशी भरून, लावून ठेवायला सांगा, काट्याचा फोटो मागवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला स्वतः जाऊन पाहा. ‘आत्ता भरून दाखवतो’ म्हणणाऱ्याकडून काहीच कळत नाही. पिस्तूल पाच-दहा मिनिटं शांत ठेवून पहिला शॉट घ्या, मग लागोपाठ पाच. पहिला वेगळा बसला तर रेग्युलेटरच्या बैठकीचा खर्च हिशेबात धरा. आणि खोलण्याआधी लक्षात ठेवा की सिलिंडर काढल्यावरही आत काही शॉटची हवा उरते. नळी रिकामी आहे याची खात्री करून, ती हवा टार्गेटकडे ट्रिगर मारून संपवायची, मगच पहिला स्क्रू.

दोन्हींसाठी सील पिस्तुलाच्या बिलातच मागवा. दोन संच. एक घरी, दुसरा मॅचच्या पेटीत, सोबत टूथपिक, ॲलन की आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी.